त्रिनिदाद आणि टोबॅगो: प्रश्न तेलाचा कमी आणि वायूचा अधिक

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. त्रिनिदाद आणि टोबॅगो तेलसंपन्न असूनही तेथील मोठी रिफायनरी बंद का पडली, परकीय चलनाची टंचाई का भासते, आणि इतक्या दूरच्या बेटांवर भारतीय वंशाची एवढी मोठी वस्ती कशी झाली. माझे मुख्य म्हणणे आधीच मांडतो. हा देश गेली तीन दशके तेलावर कमी आणि नैसर्गिक वायूवर अधिक जगत आहे. वायू वापरणारे कारखाने त्याने इतके उभे केले की, आज त्या सर्वांना पुरेल एवढा वायू त्याच्या समुद्रातून निघत नाही.

देशाचे क्षेत्रफळ ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या साधारण १.४ पट, आणि लोकसंख्या सुमारे १४ लाख. त्रिनिदाद बेट व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ११ किलोमीटरवर आहे. ओरिनोको नदीने लक्षावधी वर्षे वाहून आणलेल्या गाळाच्या थरांत येथील तेल आणि वायू साठले असल्याने, भूगर्भाच्या दृष्टीने हे बेट दक्षिण अमेरिकेचाच तुकडा आहे. पर्यटनावर जगणाऱ्या इतर कॅरिबियन बेटांशी त्याची तुलना करून फारसे हाती लागत नाही. टोबॅगोवर पर्यटन आहे, पण देशाची तिजोरी भरते ती त्रिनिदादच्या बाजूने.

१७९७ मध्ये ब्रिटिशांनी त्रिनिदाद स्पॅनिशांकडून घेतले आणि १८८९ मध्ये टोबॅगो त्याला जोडले. १८३० च्या दशकात गुलामगिरी संपली तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानातून आणलेल्या करारबद्ध मजुरांसह तेथे पोहोचले. १९१७ पर्यंत चाललेल्या या व्यवस्थेतून सुमारे १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतील बहुसंख्य आजच्या बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील. मॉरिशसप्रमाणे मराठी भाषकांची ठळक वस्ती येथे झाली नाही, हे आपल्या वाचकांसाठी नोंदवतो. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के होते.

तेलाचा इतिहास मात्र मळ्यांहून जुना म्हणावा लागेल. नैऋत्य किनाऱ्यावरील ला ब्रे येथे सुमारे १०० एकरांचे डांबराचे तळे आहे आणि नैसर्गिक डांबराचा तो जगातील सर्वांत मोठा साठा मानला जातो. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले याने येथील डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. तळ्याच्या पृष्ठभागावर बहुतेक ठिकाणी चालता येते, मध्येच पाय किंचित रुततो, सुरकुत्यांच्या खळग्यांत पावसाचे पाणी साचलेले असते आणि हवेत गंधकाचा वास असतो. डांबर खणून नेले की आजूबाजूचे डांबर हळूहळू सरकत येऊन खड्डा भरून काढते. याच परिसरात १८५७ मध्ये तेलासाठी विहीर खोदली गेली, म्हणजे पेनसिल्व्हेनियातील ड्रेकच्या प्रसिद्ध विहिरीच्या दोन वर्षे आधी. व्यापारी उत्पादनाला मात्र १९०८ साल उजाडले.

या उद्योगाचा विचार करताना १९३७ हे वर्ष वगळता येत नाही. १९ जून रोजी फिझाबाद येथील तेलक्षेत्रात टुबाल युरिया बटलर यांच्या नेतृत्वाखाली संप भडकला. तुटपुंजी मजुरी आणि वर्णभेद ही त्याची कारणे होती. त्यातून तेलक्षेत्र कामगारांची संघटना उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले एड्रियन कोला रिएन्झी, ज्यांचे जन्मनाव कृष्णा देवनारायण होते. तेलक्षेत्रात प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचे कामगार आणि उसाच्या मळ्यांत भारतीय वंशाचे मजूर, अशी विभागणी असताना एकाच माणसाने दोन्हीकडे संघटना बांधाव्यात, ही मला या देशाच्या इतिहासातील अत्यंत मोलाची गोष्ट वाटते. १९ जून तेथे आजही कामगार दिन म्हणून पाळला जातो.

१९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि दशकभराने पूर्व किनाऱ्यापलीकडील समुद्रात टीक, समान आणि पौई या नावांची तेलक्षेत्रे उत्पादनात आली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले. १९७८ मध्ये उत्पादन दिवसाला सुमारे २ लाख ३० हजार बॅरल या शिखरावर पोहोचले. पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्या सरकारने तो पैसा वायूवर चालणाऱ्या उद्योगांकडे वळवला. १९७५ मध्ये राष्ट्रीय वायू कंपनी स्थापन झाली आणि पॉइंट लिसास येथे अमोनिया, मिथेनॉल आणि पोलाद यांची वसाहत उभी राहिली. ‘बॉम्बे हाय’च्या वायूवर अलिबागजवळ थळ येथे खत कारखाना चालतो, त्याच धर्तीची ही कल्पना, फक्त माल जवळजवळ सगळा निर्यातीसाठी. पॉइंट लिसासमधील तोट्यातला सरकारी पोलाद कारखाना १९८९ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने चालवायला घेतला होता. २०१६ मध्ये तो बंद झाला.

पॉइंट फोर्टिन येथील ‘अटलांटिक’ प्रकल्पातून १९९९ मध्ये द्रवीकृत नैसर्गिक वायूचे पहिले जहाज निघाले. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केलेला वायू सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो आणि टँकरमधून नेता येतो. २००५ पर्यंत द्रवीकरणाची चार युनिट्स सुरू झाली आणि एवढासा देश काही वर्षे अमेरिकेला द्रवीकृत वायू पुरवणारा सर्वांत मोठा पुरवठादार ठरला. २०१० च्या सुमारास वायूचे उत्पादन दिवसाला ४.३ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १२ कोटी घनमीटर होते. भारताचे आजचे संपूर्ण देशांतर्गत उत्पादन याहून कमी आहे.

पुढे दोन गोष्टी एकदमच बिघडल्या. अमेरिकेत शेल नावाच्या खडकांच्या थरांतून वायू निघू लागल्याने तेथील मागणी आणि भाव दोन्ही कोसळले. इकडे जुनी क्षेत्रे उतरणीला लागली आणि नवी त्या वेगाने आली नाहीत. आज उत्पादन अडीच अब्ज घनफुटांच्या आसपास आहे, तर द्रवीकरण प्रकल्प आणि पॉइंट लिसास मिळून चार अब्जांहून अधिक वायू वापरू शकतात. परिणामी अटलांटिकचे पहिले युनिट २०२० च्या अखेरीपासून थांबलेले आहे. त्रिनिदादच्या समुद्रातील वायू मुख्यतः बीपी आणि शेल या परदेशी कंपन्या काढतात आणि द्रवीकरणातही त्याच भागीदार आहेत. पॉइंट लिसासला मात्र वायू राष्ट्रीय कंपनीमार्फत मिळतो आणि त्याचा दर बऱ्याच अंशी अमोनिया-मिथेनॉलच्या जागतिक भावाशी जोडलेला असतो. पुरवठा अपुरा पडला की कोणत्या गिऱ्हाइकाला किती द्यायचा, यावरून ताणाताण होते. वायू कमी म्हणजे निर्यात कमी, आणि निर्यात कमी म्हणजे बँकांत डॉलर कमी. परकीय चलनाच्या टंचाईचे मूळ मुख्यतः येथे आहे.

आता रिफायनरीविषयी. पॉइंट-आ-पिएर येथील हा कारखाना १९१७ पासूनचा. १९५६ मध्ये तो टेक्साको या अमेरिकी कंपनीने घेतला, १९८५ मध्ये सरकारने, आणि १९९३ पासून तो पेट्रोट्रिन या सरकारी तेल कंपनीकडे होता. क्षमता दिवसाला दीड लाख बॅरलहून अधिक असताना देशाचे स्वतःचे तेल फार कमी उरले होते, त्यामुळे बरेचसे कच्चे तेल आयात करून ते तोट्यात शुद्ध करावे लागे. त्यात फसलेल्या विस्तार प्रकल्पांचे कर्ज होते आणि ८५ कोटी डॉलरचे रोखे २०१९ मध्ये फेडायचे होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने शुद्धीकरण थांबवले. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आजूबाजूच्या गावांचे अर्थकारण कोलमडले, आणि आता देश पेट्रोल-डिझेल बाहेरून आणतो. आकडे पाहता कारखाना आहे तसा चालवणे शक्य नव्हते, असे माझे मत आहे. परंतु बंद करण्यापूर्वी कामगारांसाठी आणि त्या भागासाठी जी तयारी करायला हवी होती, ती झाली नाही.

पुढील आशा मुख्यतः व्हेनेझुएलाच्या सीमेवरील साठ्यांवर आहे. मॅनाटी हे क्षेत्र त्रिनिदादच्या हद्दीत येत असल्याने शेलने २०२४ मध्ये त्यात गुंतवणुकीचा अंतिम निर्णय घेतला आणि २०२७ मध्ये वायू सुरू करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ड्रॅगन क्षेत्र मात्र व्हेनेझुएलाच्या पाण्यात आहे आणि निर्बंधांमुळे त्यासाठी अमेरिकेचा परवाना लागतो. जानेवारी २०२३ मध्ये तो मिळाला, एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मर्यादित स्वरूपात पुन्हा मिळाला. म्हणूनच नव्या वायूचा अंदाज बांधताना मी मॅनाटी हिशेबात धरतो आणि ड्रॅगन धरत नाही. मॅनाटी ठरल्या वेळी सुरू झाले, तरी जुन्या क्षेत्रांतील घट तोपर्यंत किती झालेली असेल, त्यावरच पॉइंट लिसासमधील किती प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालतील हे ठरेल.