कॉन्टूरिंग करताना फोन बाजूला ठेव

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

‘काम खूप आहे, पण निभतंय,’ असं तू लिहिलं आहेस. त्याचीच मला काळजी वाटते. आपलं लक्ष उडालंय, हे दमलेल्या माणसाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं.

समज, फुफ्फुसातल्या गाठीला रेडिएशन द्यायचंय आणि तिचं कॉन्टूरिंग, म्हणजे स्कॅनच्या चित्रांवर सीमा आखणं, चाललंय. स्कॅनच्या एकेका स्लाइसवर गाठीभोवती रेघ, मग जिला जपायचं त्या स्पायनल कॉर्डभोवती, म्हणजे मज्जारज्जूभोवती. मधेच वॉर्डातून फोन येतो. परत बसल्यावर हात पुढच्याच स्लाइसवर जातो आणि मधल्या तीन-चार स्लाइसवर कॉर्ड काढायची राहते. जिथे रेघ नाही, तिथला डोस कॉर्डच्या हिशेबात धरलाच जात नाही, त्यामुळे डोसचा आलेख सुरेख दिसतो. रोज २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) देताना कॉर्ड साधारण ४५ ते ५० ग्रेच्या आत ठेवायची असते आणि गाठीला द्यायचे असतात ६०. एकदा मंजूर झालेला प्लॅन रोज जसाच्या तसा दिला जातो, म्हणजे चूकही रोज घडते. फिजिसिस्ट प्लॅन तपासतात, पण तूच न काढलेली रेघ त्यांच्या नजरेत येईलच असं धरून चालू नकोस.

आणि भार केसेसच्या आकड्यावर मोजू नकोस. नासातून आलेली टास्क लोड इंडेक्स ही १९८८ची प्रश्नावली बौद्धिक ताण, वेळेचं दडपण, वैताग असं सगळं विचारते. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी ती प्लॅनिंग करणाऱ्या डॉक्टरांना लावून पाहिली. भार जास्त जाणवला, तिथे चुकाही अधिक गंभीर होत्या. हे डॉक्टर अडाणी नव्हते.

म्हणून कॉन्टूरिंगच्या वेळी फोन सहकाऱ्याकडे दे. उठावं लागलंच तर परत आल्यावर चार स्लाइस मागून सुरुवात कर. आधी कुठे रेडिएशन झालंय का, हे रुग्णाला स्वतः विचार आणि जुने कागद मागव. घाईत हीच गोष्ट सुटते आणि तिची भरपाई नसते.

कॉर्ड दबलेला रुग्ण थांबू शकत नाही, त्याला आधी घे. बाकी पुष्कळ प्लॅन उद्या सकाळी मंजूर केले तरी चालतात. आज आणखी एक केस झेपणार नाही, हे विभागप्रमुखांना सकाळीच सांग. जड वाटलं तर मला कळव, त्यांच्याशी मी बोलेन.

तुझे सर