हात नसलेल्या माणसाचा सूड

प्रश्न : सुट्टीत आम्ही घरातील सर्वांनी मिळून 'शोले' पाहिला. शेवटी पोलीस येऊन गब्बरला घेऊन जातात, तेव्हा माझ्या दहावीतील मुलाने विचारले, "आई, मग ठाकूरने एवढे सगळे कशासाठी केले?" मला उत्तर देता आले नाही. मूळ शेवट निराळा होता, हे खरे आहे का? माझे सासरे असेही सांगतात, की मालगाडीवरील हल्ला आपल्या पनवेलजवळ चित्रित झाला होता.
– एक वाचक, खारघर

उत्तर : आपल्या सासऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. तो प्रसंग पनवेलजवळच्या लोहमार्गावर चित्रित झाला आणि त्याला सुमारे सात आठवडे लागले. वाशीला लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडावे लागले, यावरून त्या वेळी हा परिसर किती मोकळा असेल याची कल्पना यावी.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्याने चित्रपटाच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. देशात २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लागू झाली होती आणि चित्रपट १५ ऑगस्टला प्रदर्शित व्हायचा होता. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन माणूस मारावा, हे परिनिरीक्षण मंडळाला (सेन्सॉर बोर्डाला) मान्य झाले नाही, आणि म्हणून पोलीस ऐन वेळी येऊन ठाकूरला थांबवतात असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. मूळ शेवटासह जतन केलेली संपूर्ण आवृत्ती २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे दाखवण्यात आली.

माझ्या मते मूळ शेवटच या कथेचा खरा शेवट आहे. ठाकूरने गब्बरला एकदा रीतसर पकडून कायद्याच्या स्वाधीन केले होतेच. तो तुरुंगातून पळाला आणि त्याने ठाकूरचे कुटुंब संपवले. ज्या मार्गाने जाऊन हे घडले, त्याच मार्गावर शेवटी ठाकूरला परत पाठवणे म्हणजे कथेने स्वतःचाच पूर्वार्ध विसरणे होय. त्याहून मला खटकते ती जयच्या शब्दाची गोष्ट. गब्बरला जिवंत आणून ठाकूरच्या हवाली करण्याचा शब्द जयने दिलेला असतो. जय गेल्यावर संतापलेला वीरू गब्बरचा जीव घेणारच असतो, तेव्हा ठाकूर त्याला त्याच शब्दाची आठवण देतो आणि वीरू हात आवरतो. गेलेल्या मित्राचा शब्द पाळण्यासाठी वीरूने आपला सूड सोडला. पोलीस येताच तो त्यागही अधांतरी राहतो.

मूळ शेवट रक्तपाताला सोकावलेला आहे, असेही नाही. गब्बर मेल्यावर ठाकूर ढसाढसा रडतो. कापलेले हात आणि गेलेली माणसे परत येत नाहीत, हे त्या रडण्यातून मुलाला आपोआप कळले असते.

मुलाबरोबर चित्रपट पुन्हा पाहाल, तेव्हा होळीच्या हल्ल्याचा प्रसंग नीट पाहा. पायाशी बंदूक पडलेली असूनही ठाकूर ती उचलत नाही. जय आणि वीरू त्याच्यावर चिडतात. मग पूर्वकथा येते, आणि तिच्या अखेरीस खांद्यावरची शाल वाऱ्याने खाली पडते, तेव्हा रिकाम्या बाह्या दिसतात. हात तुटताना पडद्यावर दिसत नाहीत, तरी पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

प्रश्न : आपल्या सचिन पिळगावकरांनी यात अहमदचे काम केले आहे, पण त्याला मारल्याचे दृश्यच नाही. असे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : अहमदच्या हत्येचे दृश्य चित्रित झाले होते, तेही परिनिरीक्षणात कापले गेले. मात्र या ठिकाणी कात्रीने चित्रपटाचे नुकसान केले, असे मला वाटत नाही. गब्बर हातावर चालणारा एक किडा मारतो आणि पुढे अहमदचा मृतदेह घेऊन घोडा गावात येतो. मधले काहीही सांगावे लागत नाही. त्यानंतर अहमदचे आंधळे वडील रहीमचाचा गावकऱ्यांना, एवढी शांतता का पसरली आहे, असे विचारतात आणि कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नाही.