रंगलेला विडा आणि झोंबणारी आमटी

प्रश्न : सासरे ७१ वर्षांचे. तंबाखूला आयुष्यात हात लावला नाही, पण चुना लावलेलं पान आणि सुपारीचं खांड दिवसभर तोंडात. 'सुपारीत भरपूर अँटिऑक्सिडंट' असा मेसेज कुणीतरी पाठवलाय, तेव्हापासून माझं ऐकतच नाहीत. हल्ली त्यांना साधी आमटीही झोंबते. मेसेज खरा आहे का?
– एक वाचक, महाड

उत्तर : ताई, मेसेज खोटा नाही, अर्धवट आहे. सुपारी तुरट लागते ती टॅनिन आणि कॅटेचिनमुळे, आणि प्रयोगशाळेच्या नळीत ही द्रव्यं अँटिऑक्सिडंट ठरतात. पण सासऱ्यांच्या तोंडात चुना आहे. चुन्याशी गाठ पडली की त्याच द्रव्यांचं झपाट्यानं ऑक्सिडेशन होतं, त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असली त्रासदायक मंडळी निघतात. विडा रंगतो तो याच भानगडीत!

माझं आजोळ श्रीवर्धनचं. परसात पोफळी, ओटीवर अडकित्ता. रोठ्याची, म्हणजे आमच्याकडच्या सुपारीची, निंदा करताना मलाही जड जातं. पण दातांच्या दवाखान्यात सुपारीवाला पेशंट दुखतंय म्हणून येत नाही. तो म्हणतो, "डॉक्टर, पाणीपुरी तोंडात जाईना." गालाच्या आतून बोट फिरवलं की दोऱ्या ताणून बांधल्यासारखं लागतं, कातडी पांढुरकी पडलेली असते. सुपारीनं जी तरतरी येते ती तिच्यातल्या अरेकोलीन या द्रव्याची. तेच गालात कोलॅजन, म्हणजे चिवट तंतू, साठवायला लावतं, आणि सुपारीतलं तांबं ते आणखी घट्ट करतं. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ च्या अहवालात सुपारीला निश्चित कर्करोगकारक म्हटलं, तंबाखूशिवायच्या विड्यालासुद्धा.

मला मेसेजपेक्षा तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्याची काळजी वाटते. तिखट झोंबणं ही बहुधा पहिली खूण असते. त्यांना स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर उशीर झालाय, जात असली तरी याच आठवड्यात दाखवा. सुपारी मात्र आजच बंद, कारण आखडलेला गाल सहसा पुन्हा सैल होत नाही.

नुसत्या पानाला माझी हरकत नाही. अँटिऑक्सिडंटच हवीत तर ती पानातही आहेत. लवंग, बडीशेप घाला. चुना, कात, सुपारी नको. "मग त्यात राहिलं काय?" असं ते म्हणतील. माझे आजोबाही हेच म्हणाले होते, आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.