डेन्मार्कमध्ये २०२२ च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला दीड महिना का लागला? विरोधकांबरोबर सरकार करणं हा मतदारांचा विश्वासघात नाही का? आणि मंत्रिमंडळात फेरबदल कसे होतात? असं तुम्ही विचारलंत.

विश्वासघात हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हाच शब्द माझ्या सासऱ्यांनी २४ डिसेंबर २०२२ च्या रात्री जेवणाच्या टेबलावर वापरला होता. त्यानंतर दहा महिने आमचं धड बोलणं नव्हतं.

मी डेन्मार्कच्या उत्तर जटलंड भागात राहते, सासर शेतकऱ्याचं. इथे सासऱ्यांना नावाने हाक मारतात, ते मला कधीच जमलं नाही. मुलं त्यांना 'फारफार' म्हणतात, म्हणजे बापाचा बाप, तेच मीही म्हणते. फारफार चाळीस वर्षं वेन्स्त्रे पक्षाचे सभासद. नावाचा अर्थ 'डावे', पण पक्ष उजवीकडचा आणि मुळात शेतकऱ्यांचा. शेजारच्या शेतावर मिंकची, म्हणजे फरसाठी पाळतात त्या मुंगसासारख्या जनावरांची, शेडं होती. ४ नोव्हेंबर २०२० ला सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी करोनाच्या नव्या रूपाच्या भीतीने देशातले सगळे मिंक मारायला सांगितलं. दीड कोटीहून जास्त जनावरं. असा आदेश द्यायला कायद्याचा आधारच नव्हता, हे काही दिवसांत उघड झालं. शेजाऱ्याची शेडं तेव्हापासून रिकामी आहेत.

वेन्स्त्रेचे नेते याकोब एलेमान-येन्सन या प्रकरणावरून फ्रेडरिक्सनबाईंच्या मागे लागले होते. स्वतंत्र वकिलांकडून तपासणी हवी, ही त्यांची मागणी होती आणि बाईंना पंतप्रधान म्हणून पाठिंबा नाही, हा त्यांचा शब्द. फारफारनी मत दिलं ते या शब्दाला.

१ नोव्हेंबर २०२२ ला निवडणूक झाली. फोल्केटिंगमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, १७९ जागा, त्यातल्या दोन ग्रीनलंडच्या आणि दोन फेरो बेटांच्या. रात्री उशिरा डाव्या गटाची बेरीज बरोबर ९० झाली, ८७ इथल्या आणि ३ त्या बेटांवरच्या. म्हणजे बाईंना जुन्याच सोबत्यांच्या पाठिंब्यावर सरकार चालवता आलं असतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि मधल्या पक्षांशी बोलणी सुरू केली. आपल्याकडच्या लोकांना हेच कळत नाही, आणि फारफारनाही कळून घ्यायचं नव्हतं. निवडणूक जाहीर करतानाच बाई म्हणाल्या होत्या की मला दोन्ही बाजूंचं सरकार हवं आहे. माजी पंतप्रधान लार्स ल्योके रासमुसन तर वेन्स्त्रे सोडून मॉडराटर्ने हा नवा पक्ष काढून तेवढंच एक सांगत फिरले आणि १६ जागा घेऊन आले. मग मतदारांना फसवलं कोणी?

इथलं सरकार उभं राहतं ते 'माझ्या बाजूने किती' यावर नाही, 'माझ्याविरुद्ध बहुमत आहे का' यावर. सुरुवातीला विश्वासदर्शक ठराव नसतो. निवडणुकीनंतर पक्षनेते राजघराण्याला कळवतात की वाटाघाटी कोणी कराव्यात. ज्याच्या मागे जास्त जागा तो शोध घेतो. म्हणून इथे अल्पमताचं सरकार ही रोजची गोष्ट आहे. २०१५ मध्ये वेन्स्त्रेने फक्त ३४ जागांवर एकट्याने सरकार बनवलं होतं! तेव्हा फारफारना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

दीड महिना लागला तो खुर्च्यांसाठी नाही. एकेका पक्षाला मारिएनबोर्गला, पंतप्रधानांच्या सरकारी बंगल्यात, बोलावून कर, संरक्षण, दवाखाने यावर कलमवार बोलणी चालली. तोवरच्या इतिहासातली ही सर्वांत लांब बोलणी. शेवटी सोशल डेमोक्रॅट ५०, वेन्स्त्रे २३, मॉडराटर्ने १६, असे ८९ जमले. आधी करारनामा छापून लोकांसमोर ठेवला, मग १५ डिसेंबरला २३ मंत्री राणीपुढे गेले : ११, ७ आणि ५. पहाटे अंधारात शपथा उरकण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, असं मी त्या रात्री फारफारना म्हटलं.

ते म्हणाले, "तुला मत नाही, म्हणून तुला हे सोपं वाटतं."

खरं होतं. मी तेव्हाही भारतीय नागरिक होते, मला फक्त नगरपालिकेच्या आणि प्रादेशिक निवडणुकीत मत देता येत होतं. मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. कोणी मागून आलं नाही. नवराही नाही.

पुढे सरकारने संरक्षणाच्या खर्चासाठी मोठ्या प्रार्थनादिनाची सुट्टी रद्द केली. १६८६ पासूनची सुट्टी, ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी. आदल्या संध्याकाळी सासूबाई वेलची घातलेले पाव भाजतात. मे २०२३ मध्ये ते शेवटचे पाव मुलांच्या हाती आले, फारफार आले नाहीत.

आता फेरबदलाचं. कोणत्या पक्षाला किती खाती हे करारात ठरतं, माणसं तो तो नेता निवडतो. खासदार असलंच पाहिजे असंही नाही. हवामानमंत्री लार्स ओगोर्ड खासदार नसताना मंत्री झाले. खातं नवीन काढायला कायदा लागत नाही, म्हणून ऑगस्ट २०२४ च्या फेरबदलात आपत्कालीन तयारीचं स्वतंत्र खातं आलं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो एलेमान यांचा प्रवास. आधी उपपंतप्रधान आणि संरक्षणमंत्री. फेब्रुवारी २०२३ मध्ये ताणामुळे आजारी रजा. ऑगस्टमध्ये परतले, तर तोफखरेदीबद्दल त्यांच्या खात्याने संसदेला चुकीची माहिती दिल्याचं प्रकरण समोर. संरक्षण खातं वेन्स्त्रेच्याच ट्रोल्स लुंड पोल्सन यांच्याकडे गेलं, एलेमान यांना अर्थव्यवहार. २३ ऑक्टोबर २०२३ ला त्यांनी नेतेपद, मंत्रिपद, राजकारण, सगळंच सोडलं.

त्या संध्याकाळी फारफारचा फोन आला. माझ्याच फोनवर, नवऱ्याच्या नाही. एलेमान यांचे वडील उफे दहा वर्षांहून जास्त काळ परराष्ट्रमंत्री होते, फारफारना त्यांचा फार आदर. म्हणाले, "पोराला मोडून टाकलं त्यांनी." मी म्हटलं, "त्यांनी नाही. शब्द मोडल्याचं ओझं होतं ते." बराच वेळ दोघं काही बोललो नाही. मग त्यांनी मुलांच्या शाळेचं विचारलं.

म्हणून तुम्हाला सांगते, अख्ख्या पद्धतीला विश्वासघात म्हणू नका. फ्रेडरिक्सन आणि ल्योके जे बोलले तेच त्यांनी केलं. एलेमान यांनी मात्र प्रचारातला शब्द फिरवला, वकिलांची मागणीही सोडली, आणि तेवढ्यापुरते फारफार बरोबर होते. हे मी त्यांना त्या रात्रीच म्हणायला हवं होतं. आणखी एक, हे सगळं मी त्या एका सरकारावरून सांगते आहे. १९७८ मध्ये सोशल डेमोक्रॅट आणि वेन्स्त्रे असेच एकत्र आले होते, ते सरकार चौदा महिन्यांत गेलं.

फारफारनी सोडलेलं वेन्स्त्रेचं सभासदत्व पुन्हा घेतलेलं नाही. मी नागरिकत्वाचा अर्ज भरला आहे.