आधी मागे बसून बघ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझी फोक्सवॅगन पोलो जीटी विकावी की ठेवावी, आणि विकली तर तिच्या जागी टाटाची अल्ट्रोझ, मारुतीची बलेनो आणि ह्युंदाईची आय-ट्वेंटी यांपैकी कोणती गाडी घ्यावी, असे तू विचारले आहेस. चार पानांपैकी तीन पाने तू जुन्या गाडीच्या कौतुकात घालवली आहेस. नव्या गाडीच्या वाट्याला किंमत, मायलेज आणि रंग एवढेच आले असून बाळाची सीट, सूनबाईंची सोय आणि वहिनींचे, म्हणजे तुझ्या आईचे, गुडघे यांचा उल्लेख थेट ताज्या कलमात आहे. माझ्या मते पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती, म्हणून मी उत्तर तिथूनच सुरू करतो.

त्याआधी एक गोष्ट मान्य करतो. तुझे कौतुक अस्थानी नाही. १.२ लिटरचे ते टर्बो इंजिन १०५ पीएस शक्ती देते आणि १७५ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, १५०० आरपीएमपासूनच (इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांपासूनच) हाताशी ठेवते. पहाटे महूवरून जानापावच्या चढावर तू मला एकदा नेले होतेस, तेव्हा या वयातही मला मौज वाटली होती. भारतात पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले आणि तशी गाडी आता नवी मिळणार नाही, हेही मला ठाऊक आहे. पण त्या सकाळी मी पुढे बसलो होतो.

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तू नेमका त्याच वळणावर उभा आहेस. पहिली गाडी घेताना मी शोरूममध्ये फक्त चालकाच्या सीटवर बसलो, स्टिअरिंग फिरवून पाहिले, क्लच हलका लागला आणि तिथल्या तिथे होकार दिला. त्यानंतर तीन वर्षे माझी आई मागच्या सीटवर गुडघे दुमडून ओंकारेश्वरला येत राहिली. ती कधी काही बोलली नाही. पुढे पुढे मात्र ‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी’ असे म्हणू लागली आणि आम्ही तो वयाचा परिणाम समजलो. एकदा माझा हात मोडला असताना मित्र गाडी चालवत होता आणि मी मागे बसलो. सिमरोलपर्यंत पोचेपर्यंत मला आईच्या घरी राहण्याचे कारण कळले होते.

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे की, ही गाडी तू मागच्या सीटवरून निवड. चालकाची सीट आपल्या उंचीप्रमाणे सरकव, मग उतरून नेमका तिच्याच मागे जाऊन बस आणि गुडघ्यापुढे किती जागा उरते ते पाहा. त्यानंतर शोरूमच्या माणसाला गाडी चालवायला सांग आणि तू अर्धा तास मागेच बसून राहा. रस्ता त्यांना निवडू देऊ नकोस. इंदूरच्या रुंद, गुळगुळीत सुपर कॉरिडॉरवर कोणतीही गाडी लोण्यासारखीच चालते. खोदकाम चाललेल्या एखाद्या वसाहतीतून, गतिरोधकांवरून, आणि शक्य असेल तर वहिनींना बरोबर घेऊन ती फेरी कर. वहिनी आत बसताना आणि उतरताना कुठे हात टेकतात, डोके किती वाकवतात, पाय उचलताना चेहरा कसा होतो, हे माहितीपत्रकात सापडणार नाही. अल्ट्रोझचे दरवाजे जवळजवळ काटकोनात उघडतात, ही गोष्ट तरुण ग्राहकाला किरकोळ वाटते. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ती इंजिनापेक्षा मोठी वाटते.

लांबीच्या बाबतीत या सर्व गाड्या सारख्याच आहेत, कारण चार मीटरच्या आत राहिले आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत ठेवले तरच कराची सवलत मिळते. फरक पडतो तो पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतरात. तुझ्या पोलोत ते सुमारे २४७० मिलिमीटर आहे, अल्ट्रोझमध्ये २५०१, बलेनोमध्ये २५२० आणि आय-ट्वेंटीमध्ये २५८०. पोलो आणि आय-ट्वेंटीमधले हे अकरा सेंटिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात, पण बाळाची सीट बसवताना त्यांचीच गरज लागते. तान्ह्या मुलाची सीट मागे तोंड करून बसवायची असते, निदान सव्वा वर्षापर्यंत तरी, आणि तशी बसवली की ती पुढच्या सीटला ढकलू लागते. सध्याच्या गाडीत ती सीट लावल्यावर सूनबाईंना डॅशबोर्डला गुडघे टेकवून बसावे लागते, असे तूच लिहिले आहेस. तेव्हा शोरूममध्ये जाताना बाळाची सीट बरोबर ने आणि आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट पक्की करण्यासाठी मागच्या सीटमध्ये दिलेल्या, कड्यांत स्वतःच्या हाताने अडकवून बघ. विक्रेता संकोचला तरी तू संकोचू नकोस. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती मागे तोंड करून कधीही लावू नये, हे तुला माहीत असेलच, तरी लिहून ठेवतो.

सुरक्षेचे तारे मोजताना एक बारकावा लक्षात घे. मोठ्यांसाठीचे तारे वेगळे असतात आणि मुलांसाठीचे वेगळे. जाहिरातीत बहुधा मोठा आकडाच झळकतो. २०२० मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या चाचणीत अल्ट्रोझला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते, पण मुलांच्या सुरक्षेसाठी तीनच. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे तशीच भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आहे, त्यातही हे दोन निकाल स्वतंत्र दिलेले असतात. जे मॉडेल घेशील त्याचा ताजा निकाल काढ आणि दुसरा रकाना आधी वाच.

डिकीविषयी फार लिहीत नाही. अल्ट्रोझची ३४५ लिटर, बलेनोची ३१८, आय-ट्वेंटीची ३११. तुझ्या गाडीची तीनशेच्या आत आहे. पण लिटरपेक्षा तिचे तोंड किती रुंद आहे आणि बाबागाडी आडवी मावते की नाही, हे महत्त्वाचे. सीएनजीचा मोह होत असेल तर आधी टाकी कुठे बसते ते पाहा. दोन लहान टाक्या तळाशी बसवूनही सीएनजी अल्ट्रोझमध्ये २१० लिटरच उरतात, आणि पुण्याच्या प्रवासात बाबागाडी मग कोणाच्या तरी मांडीवर येते.

चाकांच्या बाबतीत मात्र तुझा स्वभाव आड येईल, म्हणून सावध करतो. तुझ्या गाडीचे टायर १९५/५५ आर१६ मापाचे आहेत, म्हणजे रबराची बाजू १९५ मिलिमीटर रुंदीच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिलिमीटर उंच. बलेनोच्या वरच्या श्रेणीतही नेमके हेच माप आहे. खालच्या श्रेणीत १८५/६५ आर१५ आहे आणि तिथे ही बाजू १२० मिलिमीटर भरते. मोठी चाके देखणी दिसतात यात शंका नाही, पण खड्ड्याचा धक्का रबराने किती गिळायचा आणि बाळाच्या मानेपर्यंत किती पोचू द्यायचा, हे त्या तेरा मिलिमीटरवर बऱ्याच अंशी ठरते.

आता इंजिन. बलेनोचे साधे १.२ लिटर इंजिन ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देते, तेही ४४०० आरपीएमला. याचा अर्थ असा की, भेरूघाटात चार माणसे आणि सामान घेऊन ट्रकच्या मागे अडकलास, तर नुसता पाय दाबून गाडी उसळी घेणार नाही. गिअर आधीच उतरवावा लागेल, इंजिनाला वर चढू द्यावे लागेल आणि पुढचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबावे लागेल. पहिले सहा महिने तुला गाडी मंद वाटेल आणि तू तिला दोष देशील. जुन्या सवयीने अर्ध्या अंतरात ओव्हरटेक करायला जाऊ नकोस, हीच या बदलातली एकमेव खरी जोखीम आहे. ताकद सोडवतच नसेल तर मधला मार्ग म्हणून आय-ट्वेंटी एन लाइन पाहा. एक लिटरचे टर्बो इंजिन, १७२ न्यूटन-मीटर, आणि जागा नेहमीच्या आय-ट्वेंटीइतकीच. तिचे सस्पेन्शन थोडे कडक आहे, म्हणून तीही मागे बसूनच तपास. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, तिथे अशा गाड्यांना त्यांचे खरे अंगण मिळते. खजुरी बाजारात तुझे १७५ न्यूटन-मीटरही दुसऱ्या गिअरमध्येच विरतात.

जुनी गाडी ‘रविवारपुरती’ ठेवण्याचा विचार सोडून दे. रामबागेच्या गल्लीत एका गाडीला जागा मिळवताना तुझी दमछाक होते आणि उभी राहिलेली गाडी बॅटरी, टायर व विमा या तीन मार्गांनी पैसे खातच राहते.

विकताना किमतीची अपेक्षा थोडी उतरव. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के आणि वरचा उपकर यांऐवजी १८ टक्के झाला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचा भावही खाली येतो. नवी घेताना तोच फायदा तुला मिळणार आहे, तेव्हा फार कुरकुर करू नकोस. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली दिली म्हणजे काम संपले असे समजू नकोस. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचे नाव, तोच अपघातात मालक म्हणून जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणून नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा कर. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, गाडीचा नसून तुझा असतो. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घे, ते तीन वर्षे चालते आणि नव्या विम्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरत्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत सूट मिळवून देते. फास्टॅगही बंद कर.

येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी मोकळा आहे. वहिनींना आणि बाळाच्या सीटला घेऊन ये, आपण तिन्ही गाड्या एकाच दिवशी पाहू. येताना पोलोच आण, आणि राजेंद्रनगरपासून शोरूमपर्यंत ती मी चालवीन. तू वहिनींच्या शेजारी मागे बस.

तुझा,
काका