रबाईला पुन्हा जाताना

प्रश्न : मी १९९०च्या दशकात केनियात, मोम्बासाजवळच्या रबाई इथे मिशनच्या शाळेत शिकवत होते. आता वय ६४. जुन्या माणसांना भेटायचं आहे, शाळेला काही द्यायचंही आहे. तयारी काय करावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी शाळेचं, कारण चुका तिथेच जास्त होतात. तुमच्या वेळचा ८-४-४ अभ्यासक्रम (८ वर्षं प्राथमिक, ४ माध्यमिक, ४ विद्यापीठ) टप्प्याटप्प्याने मोडीत काढून २०१७पासून क्षमताधारित अभ्यासक्रम आणला आहे. जपून ठेवलेली पाठ्यपुस्तकं नेलीत तर कपाटात पडून राहतील. अशा सार्वजनिक शाळांचे शिक्षक आता सरकारी आयोग नेमतो, चर्च कायद्याने फक्त प्रायोजक. म्हणून काय हवं ते आधी मुख्याध्यापकांना लिहून विचारा, देणगी व्यवस्थापन मंडळाच्या खात्यात भरा, पावती घ्या. जुन्या ओळखीपोटी कुणा एकाच्या हाती रोख दिलीत, तर गाव त्याच्याकडेच संशयाने बघतं.

माणसांसाठी सर्वांत मोलाची भेट म्हणजे तुमच्याकडचे फोटो. ६०० डीपीआयवर स्कॅन करून प्रत्येक घरासाठी ४ बाय ६ इंचांची वेगळी प्रत काढा. मागे नाव आणि वर्ष मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि न वाळलेली शाई खालच्या फोटोला लागते. गठ्ठा कागदात बांधा. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे २०१७पासून बंदी आहे, सामानातल्याही काढून टाका. निघण्यापूर्वी कोण कोण गेलं, हे पॅरिशमधून, म्हणजे तिथल्या चर्चकडून, नक्की विचारून घ्या, नाहीतर दारात उभं राहून नेमकं त्याच माणसाचं नाव घ्याल. अशा घरी साखर, चहापत्ती न्यावी. घरातल्या बाईसाठी लेसोची, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या रंगीत सुती कापडाची, जोडी.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून एक आग्रह. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकच्याच शरणपूर मिशनमध्ये शिकवून पुढे मोम्बासाकडे पाठवलं होतं. त्यांच्यातल्याच विल्यम जोन्स यांनी रबाईचं मिशन सांभाळलं. या मंडळींचे वंशज रबाई आणि फ्रेअरटाउन (मोम्बासाजवळची, सोडवलेल्या गुलामांसाठी वसवलेली वस्ती) परिसरात आहेत. शरणपूरचे आजचे फोटो त्यांच्यासाठी जरूर न्या.

तब्येतीचं मात्र मनावर घ्या. तिथे राहून अंगात मुरलेली हिवतापाची थोडीफार प्रतिकारशक्ती इतक्या वर्षांत ओसरलेली असते. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून ठरवा : अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल १-२ दिवस आधीपासून ते तो भाग सोडल्यावर ७ दिवसांपर्यंत, डॉक्सिसायक्लिन असेल तर ४ आठवड्यांपर्यंत. बरं वाटतंय म्हणून शेवटच्या गोळ्या सोडणं, हीच नेहमीची चूक. पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. जुनं कार्ड शोधा. २०१६पासून ते आयुष्यभर ग्राह्य आहे. ते सापडलं नाही तर लस अधिकृत केंद्रात आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागेल, पण साठीनंतर तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका वाढतो, तेव्हा आधी डॉक्टरांशी सविस्तर बोला.

बाकी किरकोळ. १००० शिलिंगच्या जुन्या नोटा २०१९मध्ये बाद झाल्या. व्यवहार बहुतेक एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेवर, चालतो, त्यासाठी पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या. २०२४पासून प्रवासाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात जाऊ नका, आणि ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी असते.