शोध माहितीपट आणि मानवी हक्कांचं काम: खान्देशात राहून जमेल का?

विचारणाऱ्या ताई जळगावला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. अन्याय उघड करणारे माहितीपट करायचेत. मुंबई गाठावी का आणि कॅमेरा कोणता घ्यावा, असं त्यांनी विचारलंय.

ताई, विषय दारातच आहेत. सरदार सरोवरात बुडालेलं मणिबेली तेव्हा आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची 'नर्मदा डायरी' (१९९५) ही फिल्म तिथल्याच धरणविरोधी लढ्याची. कॅमेरा मोबाइलचा चालेल, आधी कॉलर माइक घ्या.

मी साक्री-नवापूरकडच्या ऊसतोड मजुरांवर काम करतो. दिवाळी झाली की घरंच्या घरं ट्रकमध्ये बसून गुजरातेत बारडोलीकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पावसाळ्यात मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) हंगामभर फेडायची. पहिल्या वर्षी एका बाईने सगळा हिशेब कॅमेऱ्यासमोर मांडला: उचल किती, तिचे दीडपट कसे झाले, हातात काय उरलं. मी हरखलो. चेहरा दाखवला, गावाचं नावही ठेवलं. क्लिप मुकादमापर्यंत पोचली आणि पुढच्या हंगामात त्या जोडप्याला एकाही टोळीने घेतलं नाही. भेटायला गेलो तर ती एवढंच म्हणाली, "भाऊ, तू निंघी गया, माले आठेच ऱ्हानं शे." (तू निघून गेलास, मला इथेच राहायचंय.)

तेव्हापासून संमती दोनदा घेतो. एकदा चित्रणाआधी, एकदा जोडलेली फिल्म त्यांच्याच ओट्यावर दाखवून. नको म्हणाले तर तो भाग जातो, कितीही जीव अडकलेला असला तरी. सांगितलेला हिशेब मुकादमाच्या वहीशी ताडून बघतो. सरकारी कागदांसाठी माहितीचा अधिकार आहे: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, नाहीतर पहिलं अपील. आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा नीट वाचा. उचलीपायी कुणाला डांबून राबवलं जात असेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथे तुमचं चित्रण पुरावा म्हणून लागू शकतं. म्हणून मूळ फुटेज न कापता दोन-तीन ठिकाणी जपा.

पैशाचं म्हणाल तर माझं घर लग्नसराईच्या शूटिंगवर चालतं. पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ला १४ वर्षं लागली होती, तेव्हा दुसरी मिळकत हवीच.

दिवाळीनंतर टोळ्या निघतील तेव्हा मी साक्रीत असेन. जरूर या, पण पहिल्या खेपेला कॅमेरा घरीच ठेवून या.